अंतरपाट दूर होतो तेव्हा तुम्ही कुठे उभे असता?

साडेएकोणसत्तर हजार रुपये, दोन दिवस, साडेतीन माणसं (अर्धा माणूस कसा, ते पुढे सांगते) आणि एक हुकलेली कानपिळी. धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोंचा आमचा जमाखर्च हा असा. गेल्या वैशाखात सांगलीत लग्न झालं, अल्बम घरी यायला गणपती उलटले. आता सगळं हाती आलंय, शेवटचे पैसेही देऊन झालेत, तेव्हा लिहायला हरकत नाही. फोटोग्राफरचं नाव टाकत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत आणि माणूस तसा भला आहे.

मी एका दूध संघात हिशेब बघते. त्यामुळे घरात लग्न निघालं की वही माझ्याकडे येते. अप्पांनी फोटो-व्हिडिओ-अल्बम मिळून सत्तर हजार सांगितले, वर एक रुपया नाही. धाकटीने मोबाइलवर साठवलेली लग्नं बघितली तर प्रत्येकात धूर, हत्ती नाहीतर तलाव. मी तिला माझा अल्बम काढून दाखवला. २०११ चं लग्न, अठरा हजारांत सगळं. तीन डीव्हीडीही आहेत, पण त्या लावायला आता घरात काही उरलेलं नाही. त्या अल्बममध्ये अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचा एकच फोटो आहे आणि त्यात मध्यभागी व्हिडिओवाल्याची पाठ आहे. चौकटीचा शर्ट. माझ्या नवऱ्याचा एक कान दिसतो. मी कुठे आहे ते देवाला ठाऊक.

त्या शर्टामुळेच मला फोटोग्राफरला विचारायचा प्रश्न सापडला. ‘अंतरपाट दूर होतो तेव्हा तुम्ही कुठे उभे असता?’

हे नीट डोळ्यांसमोर आणून बघा. नवरा-नवरी समोरासमोर, मध्ये पाट. बाजूला गुरुजी, नवरीच्या मागे मामा, दोन्हीकडे करवल्या, आणि ‘शुभ मंगल सावधान’ म्हटलं की अख्खं कार्यालय अक्षता टाकत पुढे सरकतं. पाट खाली येतो तेव्हा दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात. फोटोग्राफर एकटा असेल आणि त्याने नवरीचा चेहरा धरला, तर नवऱ्याची पाठ मिळणार. नवऱ्याचा धरला तर नवरीचा खोपा. बाजूने काढला तर दोघं अर्धे अर्धे, आणि तेही मध्ये कोणी आलं नाही तर. कॅमेरा कितीही महागाचा असू दे, एक माणूस दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही. आणि हे पुन्हा करता येत नाही. हार परत घालता येतात, सप्तपदीत ‘जरा थांबा’ म्हणता येतं, पण ती पहिली नजर एकदाच.

हा प्रश्न घेऊन मी, धाकटी आणि तिचा होणारा नवरा, म्हणजे आता दाजी, पाच ठिकाणी गेलो.

विश्रामबागेतल्या मोठ्या स्टुडिओत आधी थंडगार कोकम आलं, मग अल्बम आला. एक लाख पंचेचाळीस हजार आणि वर अठरा टक्के जीएसटी. ड्रोन, क्रेन, एलईडीची भिंत, प्री-वेडिंग, सगळं त्यात. माझ्या प्रश्नावर समोरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, वरून ड्रोन असतो ना.’ कार्यालयाला छत असतं, हे मी त्याला सांगितलं नाही. कोकम चांगलं होतं.

कोल्हापूरचा एक जण नुसतं कॅन्डिड करतो, म्हणजे कोणाला उभं न करता नकळत टिपलेले फोटो. फोटो खरोखर देखणे, बघताना माझाही हात वहीवरून निघाला. दिवसाचे पंचावन्न हजार. व्हिडिओ नाही, अल्बम वेगळा, स्टेजवरचे आहेराचे फोटो तो काढतच नाही. म्हणजे त्यासाठी दुसरा माणूस बघायचा. पैसे असते तर मी त्यालाच घेतलं असतं, हे कबूल करते. त्याचं उत्तर चोख होतं: ‘मी नवरीकडे, माझा असिस्टंट नवऱ्याकडे.’

आमच्या गल्लीतले काका, ज्यांनी माझे फोटो काढले होते, बत्तीस हजारांत तयार होते. त्यांचं उत्तर, ‘अगं, ते आपण नंतर परत करून घेतो की! पाट धरायचा, सोडायचा.’ चौकटीच्या शर्टाचा उलगडा तेरा वर्षांनी झाला. चौथा म्हणजे दाजींच्या मित्राचा भाऊ, ‘फक्त खर्चाचं द्या’ वाला. त्याला मीच नको म्हटलं. ओळखीतला माणूस चुकला तर ओरडता येत नाही, आणि फुकटातला माणूस त्या दिवशी दुसरं काम आलं की तिकडे जातो.

पाचवा मिरजेचा. दुकान म्हणजे जिन्याखालची दहा बाय दहाची खोली, दोन कॉम्प्युटर, एक पंखा. प्रश्न ऐकून त्याने उलट मलाच विचारलं, ‘मुहूर्त किती वाजताचा? गोरज की दुपारचा? कार्यालय कुठलं? त्याच्या स्टेजच्या डाव्या हाताला खिडक्या आहेत, तेच का? आणि गुरुजी कोण? काही गुरुजी पाट धरणाऱ्याला लवकर खाली घ्यायला सांगतात.’ दुपारी बारा एकतीस म्हटल्यावर म्हणाला, ‘मग खिडकीचा उजेड मिळेल. नवरीचं तोंड तिकडे आलं पाहिजे, पण ते गुरुजी ठरवणार.’ मी वही मिटली. सातवी पास झाल्यासारखं वाटलं.

तरी एक गोष्ट केली, ती सगळ्यांनी करावी. सँपल अल्बम बघितलाच नाही. सँपल अल्बम म्हणजे दहा लग्नांवरची साय. मी म्हटलं, ‘एका लग्नाचे सगळे फोटो दाखवा, सकाळच्या पहिल्यापासून पाठवणीपर्यंत. आणि नवरी सावळी असलेलं लग्न दाखवा.’ आमची धाकटी सावळी आहे, म्हणून. त्याने फोल्डर उघडलं. दीड हजार फोटो. ट्यूबलाइटखाली काढलेला दुपारी अडीचचा घराण्याचा ग्रुप, पंगत, होमाच्या धुरात चोळलेले डोळे. काही हललेले होते, काही अंधारे. पण सुनमुख बघताना आरशात आलेले दोन चेहरे असे टिपले होते की धाकटीने माझा हात दाबला.

भाव त्याचा अठ्ठ्याहत्तर हजार. म्हणजे आठ हजारांनी जास्त. त्यात हळद-सीमांतपूजन आणि लग्न असे दोन दिवस, एक कॅन्डिडवाला (तो स्वतः), एक ट्रॅडिशनल फोटोवाला, एक व्हिडिओवाला, ड्रोन, एक मिनिटाचा टीझर आणि चाळीस शीटचा बारा-छत्तीस इंची अल्बम. आम्ही घासाघीस केली नाही. अप्पा करणार होते, त्यांना मी बाहेर चहाला पाठवलं. भाव पाडला की माणूस ‘हो’ म्हणतो आणि मग त्या दिवशी स्वतःऐवजी शिकाऊ पोरगा पाठवतो. आम्ही कामं कमी केली.

ड्रोन काढला, सहा हजार गेले. वैशाखात भर दुपारी वरात कार्यालयाच्या फाटकापासून दारापर्यंत, म्हणजे साठ पावलं, त्याला ड्रोन कशाला? शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो सोडला, तर धंद्यासाठी ड्रोन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ‘आहे का?’ विचारल्यावर तो हसून म्हणाला, ‘ताई, ड्रोनवाला बाहेरून मागवतो, त्याला विचारून सांगतो.’ राहू दे म्हटलं. टीझर काढला, तीन हजार. अल्बमची दहा शीट कमी केली, साडेचारशेप्रमाणे साडेचार हजार. तीस शीट म्हणजे साठ पानं, पानाला दोन-तीन फोटो धरले तरी सव्वाशे-दीडशे होतात. त्याहून जास्त फोटो असलेला अल्बम पाहुणे मधून उलटतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. प्री-वेडिंग मुळात नव्हतंच. मेणवलीच्या घाटावर नाहीतर कासला जाऊन दोन ड्रेस बदलायचे वीस हजार लागतात. दाजी म्हणाले, ‘घाटावर आम्ही दोघं असंच जाऊन येतो की.’

राहिले चौसष्ट हजार पाचशे. त्यात पाच हजार टाकून मी एक जास्तीचा फोटोग्राफर मागितला, फक्त लग्नाच्या दिवशी, सकाळी दहा ते दोन. हाच तो अर्धा माणूस. अंतरपाटाच्या पलीकडे उभा राहायला.

आता कागदाबद्दल. ‘ताई, विश्वासावर चालतं आपलं’, असं त्यानेही म्हटलं, पण मी अर्ध्या पानाचा कागद लिहिला आणि दोघांच्या सह्या घेतल्या. कोण माणसं येणार (‘आमची टीम’ नव्हे, नावं), किती वाजता येणार, उशीर झाला तर तासाचे किती, फोटो किती दिवसांत, अल्बम किती दिवसांत, मूळ फाइली मिळणार का, आणि तो आजारी पडला तर कोण येणार. पैसे चार टप्प्यांत: ठरवताना वीस हजार, लग्नाच्या सकाळी तीस, फोटो हातात आल्यावर साडेचौदा, अल्बम आल्यावर पाच. शेवटचे पाच हजार लहान दिसतात, पण त्यांच्याच जोरावर अल्बम आला. सगळे पैसे मांडवातच दिलेल्या माझ्या मावसबहिणीचा अल्बम तिच्या मुलाच्या बारशाच्या अल्बमबरोबर आला.

धाकटीने एक ओळ घातली: विचारल्याशिवाय फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत. तो जरा नाराज झाला, त्याची जाहिरात तीच असते. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणाराच असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या छापील कागदावर सही करताना बारीक अक्षरांत हा ‘वेगळा करार’ नसेल ना, एवढं बघायचं. शेवटी वीस फोटो त्याला द्यायचे असं ठरलं, तिने निवडलेले.

आणि मी विचारलेला एकच तांत्रिक प्रश्न, तोही भाच्याने शिकवलेला: कॅमेऱ्यात कार्डं किती बसतात? त्याच्या सोनीत दोन बसतात, एकाच वेळी दोन्हींवर फोटो उतरतो. एक बिघडलं तरी दुसरं असतं. हळदीच्या रात्री जेवण झाल्यावर तो कोपऱ्यात लॅपटॉप उघडून कार्डं उतरवून घेत बसला होता. मला त्याच्याबद्दल खरा विश्वास तिथे वाटला. बाकीचे तेव्हा आइस्क्रीम खात होते.

लग्नाच्या दिवशीचं सांगते. डेकोरेशनवाल्याने स्टेजवर जांभळे-गुलाबी दिवे लावले होते. ते चालू असते तर हळदीच्या अंगाची नवरी जांभळाच्या सरबतासारखी दिसली असती. हा पठ्ठ्या सकाळी नऊला आला, डेकोरेशनवाल्याशी वाद घातला, आणि मुहूर्ताच्या वेळी अर्धा तास ते दिवे बंद ठेवायचे असं कबूल करून घेतलं. आमच्या मामाला बोलावून सांगितलं, ‘मामा, तुम्ही नवरीच्या मागे थोडं उजवीकडे उभं राहा, आणि हात जोडलेलेच ठेवा.’ मामा तेवढ्याने खूश. व्हिडिओवाल्याला म्हणाला, ‘तू खाली बस.’ तो खरोखर मांडी घालून बसला.

बारा एकतीसला पाट खाली आला. धाकटीचा फोटो मिळाला. खिडकीचा उजेड एका गालावर, मुंडावळ्या हललेल्या, एक अक्षता पापणीवर पडतेय आणि तिने डोळा मिटलेला नाही. तिच्या डाव्या भुवईवर लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण आहे, तीसुद्धा दिसते. हा फोटो पाच हजारांचा नाही, तो मुख्य माणसाने काढला. पाच हजारांचा फोटो पलीकडून, दाजींचा. अर्धा माणूस बरोबर जागेवर होता, उजेड बरोबर होता, आणि ऐन वेळी आमचाच चुलतभाऊ मोबाइल उंच धरून पुढे आला. फोटोत दाजींचं कपाळ, फेटा, आणि खाली मोबाइलची पाठ, त्यावर एका पतसंस्थेचा स्टिकर. त्यात फोटोग्राफरचा दोष शून्य. पाव्हण्यांना आवरणं आमचं काम होतं, ते माझ्या वहीत नव्हतं. पुढच्या क्षणाचे चार फोटो चांगले आलेत, हसतानाचे. पहिली नजर मात्र स्टिकरने खाल्ली.

आणि कानपिळी. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, त्यालाच टॉवेल-टोपीचा मान मिळायचा. आम्हाला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे तो मान याच चुलतभावाचा. होम लांबला होता, फोटोवाली मंडळी सकाळपासून उपाशी होती, म्हणून आईनेच त्यांना आग्रह करून पहिल्या पंगतीला बसवलं. ते श्रीखंडावर असताना इकडे कान पिळून झाला. एकही फोटो नाही. चुलतभाऊ महिनाभर रुसला होता. मी म्हटलं, तुझा मोबाइल आहेच की फोटोत.

तर फोटोवाल्यांना जेवायला घालताना दोघादोघांत घाला. लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

ट्रॅडिशनल फोटोवाल्याबद्दल दोन शब्द, कारण हल्ली त्याला कोणी विचारत नाही. स्टेजच्या समोर दोन तास उभा राहून, ‘काकू, जरा पुढे. आजोबा, इकडे बघा’ म्हणत त्याने एकशे दहा ग्रुप काढले. मी आधीच यादी करून भाच्याच्या हातात दिली होती: अप्पांची भावंडं, आईच्या माहेरचे, दाजींच्या कंपनीतले. भाचा नावं पुकारायचा. घरात अल्बम आल्यावर म्हातारी माणसं फक्त हेच फोटो बघतात. कॅन्डिडमधल्या बोटांच्या आणि पैंजणांच्या फोटोंवरून ती सरळ पान उलटतात.

आता तक्रारी. फोटो कबूल केल्याप्रमाणे पंधरा दिवसांत आले, हार्ड डिस्कवर, मूळ फाइलींसह. (डिस्क आमची, ती आधी घेऊन द्यावी लागली.) अल्बमला पंचेचाळीस दिवस म्हणाला होता, लागले चार महिने. त्यातला महिना आमच्या निवडीत गेला हे खरं, पण तीन महिने त्याचे. फोन केला की ‘लॅबला गेलाय ताई’. कुठली लॅब, तर कधी पुणे, कधी कोल्हापूर.

अल्बमचं डिझाइन आलं तेव्हा मी तीन मिनिटं काहीच बोलले नाही. धाकटी गोरी झाली होती. नुसती गोरी नाही, पिठासारखी. भुवईवरची खूण गायब. मान सावळी आणि चेहरा वेगळ्याच बाईचा. मी फोन केला. ‘ताई, सगळे असंच करून मागतात, न केलं तर ओरडतात.’ म्हटलं, आम्ही केलंत म्हणून ओरडतोय. पुन्हा केलं, पैसे न घेता, पण तीन आठवडे त्यात गेले. तेव्हा कागदावर आणखी एक ओळ हवी होती: रंग बदलायचा नाही. सावळ्या मुलींच्या घरच्यांनी ही ओळ पहिली लिहावी.

व्हिडिओ हा त्याचा कच्चा भाग. पाऊण तासाची फिल्म, त्यात मंगलाष्टकांवर हिंदी गाणं चढवलेलं. आमच्याकडे शेवटचं मंगलाष्टक आजीने रचलं होतं, दोन्ही घरांची नावं गुंफून, आणि मावशीने म्हटलं होतं. फिल्ममध्ये मावशीचे ओठ हलतात आणि गिटार वाजते. सुदैवाने मूळ आवाज फाइलीत होता, पंख्याच्या घरघरीसकट. तेवढा भाग परत लावून घेतला. घरघर आहे, असू दे. व्हिडिओला महत्त्व देणाऱ्यांनी दुसरा माणूस बघावा, आणि माइक वेगळा लावणार का, ते आधी विचारावं.

एकूण मी त्याला दहापैकी साडेसात देईन. फोटोंना नऊ, अल्बमच्या छपाईला आठ, वेळेला चार, व्हिडिओला पाच. बेरीज जुळत नाही, पण फोटोंचं वजन मी जास्त धरलंय. वागण्यात एकदाही आवाज चढला नाही, ना त्याचा ना त्याच्या माणसांचा. पुन्हा लग्न निघालं तर त्यालाच बोलावू, कागद मात्र पूर्ण पानाचा करू.

गौरी विसर्जनानंतरच्या रविवारी अल्बम घेऊन तो स्वतः घरी आला. आजीने पानं चाळली नाहीत. हार्ड डिस्कमधल्या फोटोंतून भाच्याने तिला टीव्हीवर दाखवलेला एक फोटो तिला हवा होता: हळदीच्या दिवशी ओसरीवर बसून ती मंगलाष्टकाचा कागद पुन्हा वाचतेय, चष्मा नाकावर घसरलेला. ‘हा मोठा करून दे,’ ती त्याला म्हणाली, ‘नंतर भिंतीवर लावायला होईल.’ आई ‘काहीतरीच काय बोलता’ म्हणून आत निघून गेली. त्याने मात्र विचारलं, ‘आजी, फ्रेम लाकडी की काळी?’ आजी म्हणाली लाकडी, आणि चष्मा सरळ करता येत असेल तर कर. मी त्याला पाच हजार मोजून दिले. फ्रेमचे त्याने घेतले नाहीत, आणि चष्मा त्याने सरळ केलेला नाही.